बाटली नंबर ५३-एन : हाफकिनचं चुकलं किती आणि त्याच्या माथी मारलं किती

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं खेडं, आता ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. लस मुंबईहून गेलेली, परळच्या लॅबमधली. एकूण पाच बाटल्या वापरल्या. चार बाटल्यांतनं टोचलेले ८८ लोक त्या लसीपायी दगावले नाहीत. पाचव्या बाटलीतनं, जिच्यावर ५३-एन असा नंबर होता, १९ जणांना टोचलं आणि साधारण आठवडाभरानं त्या १९ जणांना धनुर्वात झाला. आधी जबडा आवळतो, मग मान, मग पाठ कमानीसारखी वाकते, आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. एकोणीसच्या एकोणीस गेले.

ही लस तयार करणारा माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. ज्याच्या नावानं परळला इन्स्टिट्यूट आहे तोच. मुंबईकरांना हाफकिन म्हटलं की सर्पदंशाची लस नाहीतर पोलिओचे डोस आठवतात, केईएमच्या बाजूची ती झाडीतली जुनी बिल्डिंग आठवते, पण हा माणूस कोण, कुठला, आणि त्याला मुंबई सोडून का जावं लागलं हे फार कमी जणांना माहितीय. मी फार्मामध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळे एक बॅच बिघडली की नंतर काय काय होतं, कोण कुणाकडे बोट दाखवतं, हे रोज बघायची सवय आहे. त्या सवयीनंच हे प्रकरण लिहितोय. एका माणसाचं चरित्र म्हणून वाचलंत तरी चालेल पण माझा सगळा इंटरेस्ट त्या एका बाटलीत आहे.

आधी हा माणूस कोण ते बघू

जन्म १८६० चा, ओडेसाचा, म्हणजे तेव्हाचा रशिया, आत्ताचा युक्रेन. ज्यू घर. कॉलेजात मेचनिकोव्हचा विद्यार्थी, तोच मेचनिकोव्ह ज्याला पुढं पांढऱ्या पेशींच्या कामाबद्दल नोबेल मिळालं. ओडेसात ज्यूंवर हल्ले व्हायला लागले तेव्हा हा पोरगा वस्तीच्या संरक्षणाच्या टोळीत होता, पकडला गेला, मेचनिकोव्हनं मध्ये पडून सोडवलं. पुढं युनिव्हर्सिटीत वर चढायचं तर धर्म बदल असं सुचवलं गेलं, यानं नाही म्हटलं. मग जिनिव्हा, तिथून १८८९ ला पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथं जागा कसली मिळाली तर लायब्ररीत मदतनीसाची. दिवसा पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये बसायचं, असं करत करत त्यानं कॉलऱ्याची लस काढली. १८ जुलै १८९२ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो कारण पुढं तिचा संबंध येतो. हाफकिन डॉक्टर नव्हता. प्राणिशास्त्राचा माणूस. हिंदुस्थानात सरकारी वैद्यकी म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे फौजी शिस्तीतले गोरे डॉक्टर, कर्नल, मेजर, कॅप्टन. त्यांच्यात हा रशियन, ज्यू, वैद्यकीची डिग्री नसलेला, आणि वर सरकारनं बोलावून आणलेला. काय वातावरण असेल ते ज्यांनी ऑफिसात बाहेरनं आलेला कन्सल्टंट बघितलाय त्यांना सांगायला नको.

१८९३ ला तो कलकत्त्याला उतरला आणि पुढच्या दोनेक वर्षांत चाळीस हजारांवर लोकांना कॉलऱ्याची लस टोचली, तीही लोकांच्या मर्जीनं, जबरदस्ती नाही. अगदी आजारी पडून परत गेला. १८९६ ला पुन्हा आला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मुंबई, १८९६

मांडवीत पहिली केस ओळखली ती अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरनं, सप्टेंबर १८९६ मध्ये. हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई. मायक्रोबायोलॉजीचं शिक्षण यातल्या एकाचंही नाही. तीन महिन्यांत या माणसानं लस उभी केली. मदतनिसांपैकी एकाची प्रकृती ताणानं पार ढासळली, दोघं सोडून गेले, एवढं काम.

लस बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे. तो रस्सा गाईचा नाही आणि डुकराचा तर नाहीच, बोकडाच्या मटणाचा, कारण हे सगळ्यांच्या अंगात जायचंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या खालच्या बाजूला जंतू धरतात आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे धागे खाली वाढायला लागतात, भांडं हलवलं की ते धागे तुटून तळाशी बसतात आणि पुन्हा नवीन धरतात. असं सहा आठवडे. मग ६५ ते ७० डिग्रीला तासभर तापवून सगळे जंतू मारायचे, आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक ऍसिड घालायचं, म्हणजे नंतर दुसरं काही वाढू नये. हे कार्बोलिक लक्षात ठेवा.

१० जानेवारी १८९७ ला त्यानं ही लसही आधी स्वतःलाच टोचली, १० सीसी, म्हणजे नेहमीच्या डोसच्या तिपटीहून जास्त. सडकून ताप भरला तरी कामावर. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांना विचारून, जे तयार झाले त्यांना टोचलं, बाकीचे तसेच. एकाच छताखाली, एकच जेवण, एकच पाणी. टोचलेल्यांत लागण स्पष्टपणे कमी निघाली. आज याला कंट्रोल ग्रुप म्हणतो, तेव्हा हिंदुस्थानात असा विचार करणारे लोक बोटावर मोजण्याइतके होते.

बाहेर मात्र हलकल्लोळ चाललेला. हॉस्पिटलात नेतात ते मोमिआई, म्हणजे माणसाच्या अंगातनं औषधी अर्क, काढायला, अशी आवई उठलेली, ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा आला, हो तोच, जो कोविडमध्ये धूळ झटकून बाहेर काढला. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला कारण सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. या सगळ्या दांडगाईत हाफकिनची लस ही एकच गोष्ट होती जी माणसाच्या इच्छेवर होती. आगाखानांनी चारचौघांत, आपल्या खोजा लोकांसमोर, ती टोचून घेतली आणि एकदा नाही, अनेकदा. लॅबला राहती जागाही दिली. मग १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, गव्हर्नर सँडहर्स्टच्या हस्ते. त्याच बंगल्यात १८८२ ला गव्हर्नर फर्ग्युसनची बायको कॉलऱ्यानं गेली होती, त्यानंतर गव्हर्नरांनी तिथला मुक्काम हळूहळू मलबार हिलला हलवला आणि बंगला रिकामा पडला. कॉलऱ्यानं रिकामं केलेलं घर कॉलऱ्याच्या लसवाल्याला मिळालं.

आता बाटली

१९०२ पर्यंत पंजाबात प्लेग भडकलेला. तिथल्या सरकारनं ठरवलं की सरसकट टोचायचं, आणि मागणी एकदम लाखोंच्या घरात गेली. परळला एवढा माल निघणं शक्यच नव्हतं, कारण रश्श्याला सहा आठवडे लागतात आणि भांडी, जागा, माणसं सगळंच अपुरं. ज्यांनी प्रॉडक्शन बघितलंय त्यांना हा सीन पाठ असेल. वरनं टार्गेट येतं, खाली प्रोसेस बदलली जाते.

हाफकिननं प्रोसेस बदलली. जंतू रश्श्याऐवजी अगारवर, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीवर, वाढवायचे, ते भराभर वाढतात, पाण्यानं धुवून काढायचे, तापवून मारायचे आणि भरायचे. कार्बोलिक काढून टाकलं. त्याचं म्हणणं असं की नीट तापवलं तर त्याची गरज नाही, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तसंच करतात. शास्त्र म्हणून यात खोट नव्हती. तरी माझ्या टेबलावर हा बदल आला असता तर मी सही करायच्या आधी चार प्रश्न विचारले असते. लॅबमध्ये उत्तम चालणारी गोष्ट पंजाबातल्या खेड्यात, झाडाखाली, धुळीत, टेबल मांडून चालेल का? तिथं बाटली एकदा उघडली की त्यातनं एकामागून एक वीसेक लोकांना टोचतात. कार्बोलिक असतं तर उघडल्यावर आत गेलेला जंतू वाढायला जरा तरी अडला असता. थोडक्यात, हाफकिननं सेफ्टीचं एक कुलूप काढलं. त्याच्याकडे कारण होतं, आणि बाकीची कुलपं लावायची जबाबदारी शेवटच्या माणसावर गेली. इथं त्याच्याकडं बोट जातं आणि जायलाच हवं.

आता मुल्कोवालला काय झालं. बाटलीचं बूच काढायला चिमटा वापरतात. नियम असा की चिमटा आगीवर धरून निर्जंतुक करायचा. त्या दिवशी कंपाउंडरच्या हातनं चिमटा जमिनीवर पडला. जमीन म्हणजे पंजाबातल्या खेड्याची माती, जनावरांचा वावर असलेली, आणि धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूंची कवचातली सुप्त रूपं, राहतात ते नेमके अशाच मातीत, शेणात. चिमटा उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळला, आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. बीजाणूंना कार्बोलिकच्या पाण्यात एक बुडी म्हणजे काहीच नाही, ते उकळत्या पाण्यातसुद्धा बराच वेळ तग धरतात. हे सगळं कुणी नंतर रचलेलं नाही, चौकशीत जबानीत आलेलं आहे.

म्हणजे दोन शक्यता उरल्या. एक, घाण परळलाच, बाटली भरताना गेली. दोन, घाण मुल्कोवालला, बूच काढताना गेली. आणि मला हे प्रकरण इतकं धरून ठेवावंसं वाटतं ते यासाठी की कुठली शक्यता खरी हे ठरवायला लागणारा पुरावा पहिल्या आठवड्यातच हाताशी होता.

एक म्हणजे वास. बाटली परळहून निघून मुल्कोवालला उघडेपर्यंत पाचेक आठवडे लोटलेले होते. एवढे दिवस बंद बाटलीत, हिंदुस्थानच्या उन्हापावसात, धनुर्वाताचे जंतू वाढत राहिले असते तर बाटली उघडताक्षणी घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरनं बाटली उघडल्यावर ती हुंगली होती, तशी पद्धतच होती, आणि त्याला काही वावगं वाटलं नाही.

दुसरी म्हणजे तारखा. धनुर्वातात माणूस मरतो तो जंतूनं सोडलेल्या विषानं. पाच आठवडे वाढलेल्या बाटलीत विष आधीच तयार असतं, ते थेट अंगात गेलं तर लक्षणं फार लवकर, दोनतीन दिवसांत दिसायला हवीत. इथं आठवडा गेला. म्हणजे अंगात गेले ते मोजके बीजाणू, ते आत रुजले, मग विष तयार झालं. जखमेत माती गेल्यावर धनुर्वात व्हायला जेवढे दिवस लागतात साधारण तेवढेच दिवस.

आज कुठल्याही कंपनीत ट्रेनी पोराला हे दोन मुद्दे दिले तरी तो सांगेल की बघा, गडबड उघडताना झालीय.

कमिशन

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस सर लॉरेन्स जेनकिन्स, सोबत सरकारी डॉक्टर. जेनकिन्स मोठा न्यायाधीश होता यात वाद नाही, पण जंतुशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हता आणि ज्यांचा होता ते त्याच मेडिकल सर्व्हिसच्या वर्तुळातले. त्यांनी निकाल दिला की बाटली उघडायच्या आधीच दूषित होती, म्हणजे दोष परळचा, आणि कार्बोलिक काढणं ही गंभीर चूक. हाफकिनला कामावरनं बाजूला केलं. १९०४ ला तो लंडनला गेला.

मला यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, संताप म्हणा, हा वाटतो की त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले. कार्बोलिक काढणं बरोबर की चूक हा एक प्रश्न. बाटलीत घाण कुठं गेली हा दुसरा. पहिल्यात हाफकिन थोडाफार सापडतो म्हणून दुसऱ्यातही त्याच्याच माथी मारा, असं झालं. आणि गाडी तिथंच थांबली. कंपाउंडरला चिमटा का तापवता आला नाही, त्याच्याकडं स्पिरिटचा दिवा होता का, दिवसाला किती जणांना टोचायचं टार्गेट होतं, एका बाटलीतनं इतक्या लोकांना टोचावं का, लहान बाटल्या का नकोत, यातलं काही कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. आणि हे लिहिताना त्या कंपाउंडरला गुन्हेगार ठरवायचा माझा अजिबात विचार नाही. पडलेला चिमटा हा रोजचा प्रकार आहे. तो पडणारच हे धरून जी पद्धत आखली जाते तिलाच पद्धत म्हणायचं.

याच्याच एक वर्ष आधी अमेरिकेत काय झालं ते शेजारी ठेवून बघा. १९०१, सेंट लुईस शहर. घटसर्पावरचं सीरम घोड्याच्या रक्तातनं काढायचे. जिम नावाचा घोडा, आधी दुधाच्या गाडीला असायचा. त्याला धनुर्वात झाला आणि तरी त्याचं सीरम बाटल्यांत गेलं. १३ मुलं मेली. तिथंही माणसं कामावरनं गेली, बोंबाबोंब झाली, पण पुढच्याच वर्षी, १९०२ च्या जुलैमध्ये, तिकडं कायदा आला की लस आणि सीरम बनवणाऱ्या प्रत्येकाला लायसन्स लागेल, कारखान्याची तपासणी होईल, लेबलवर तारीख पाहिजे. मुल्कोवाल त्यानंतर चारच महिन्यांनी. सारखाच जंतू, जवळपास सारखीच चूक. तिकडं नियम आले, इकडं एक माणूस गेला.

आणि मेडिकल सर्व्हिसच्या बऱ्याच साहेबांच्या दृष्टीनं तर सुंठीवाचून खोकला गेला. लंडनमध्ये काही लोक या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायला लागले, फ्रान्समध्ये त्या ज्यू कॅप्टनला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं होतं त्यावरनं. हाफकिन ज्यू होता म्हणूनच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कर्नल असता, मेडिकल सर्व्हिसचा असता, लंडनच्या एखाद्या कॉलेजातला असता, तर चौकशी इतक्या लवकर गुंडाळली नसती हे मला पटतं.

वरातीमागून घोडं

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं बाटलीचा विषय पुन्हा तपासला तेव्हा निष्कर्ष उलटा आला, घाण बहुतेक उघडतानाच गेली असणार. तरी सरकारनं हालचाल केली नाही. चौकशीचे पूर्ण कागद लोकांसमोर यायला १९०६ चा शेवट उजाडला. तोवर हाफकिन बिनकामाचा फिरतोय. वय चाळिशीच्या मध्यावर, म्हणजे शास्त्रज्ञाची ऐन भराची वर्षं.

कागद बाहेर आल्यावर मात्र रोनाल्ड रॉस सुटला. मलेरिया डासातनं पसरतो हे सिकंदराबादेत शोधून काढणारा, नोबेलवाला, आणि मुख्य म्हणजे स्वतः त्याच मेडिकल सर्व्हिसमधनं आलेला, म्हणजे घरातलाच माणूस. त्यानं लंडनच्या टाइम्समध्ये लिहिलं आणि वास, तारखा, चिमटा हे मुद्दे सरळ मांडले. कलकत्त्याचा जुना हेल्थ ऑफिसर सिम्पसन आधीपासून पाठीशी होताच, हाफकिनला कलकत्त्याच्या वस्त्यांत कॉलऱ्याची लस टोचायला मदत करणारा तोच. जुलै १९०७ मध्ये टाइम्समध्ये रॉसबरोबर आणखी नामवंतांच्या सह्यांचं पत्र आलं, त्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचा सायमन फ्लेक्सनरही होता. पत्राचा मथितार्थ असा की हाफकिनवरचा आरोप सपशेल खोटा ठरलाय. पार्लमेंटात प्रश्न झाले. शेवटी सरकारनं मानलं आणि त्याला परत कामावर यायला सांगितलं.

मधल्या काळात किंमत कुणी मोजली? पंजाबनं. मुल्कोवालनंतर तिथली लसीची मोहीम कोसळली, कारण लोकांनी ऐकलं ते एवढंच की सरकारची सुई टोचली आणि गावातले एकोणीस मेले. तुम्ही त्यांच्या जागी असता तर गेला असता का टोचून घ्यायला? मी नसतो गेलो. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगनं सहा लाखांच्या आसपास माणसं मेली. ती सगळी लसीनं वाचली असती असं नाही, लस काही अमृत नव्हती, संरक्षण अर्धवट आणि काही महिन्यांपुरतं. पण टोचलेल्यांत मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली यायचं, त्यावरनं काय तो अंदाज बांधा. चौकशी चांगली झाली असती, चिमट्याची गोष्ट तेव्हाच लोकांना उघडपणे सांगितली असती, की बाबांनो लस ठीक होती, उघडताना चूक झाली, आता आम्ही असं असं बदललंय, तर काही गावं तरी परत वळली असती. सरकारनं मात्र ताकास तूर लागू दिली नाही, कागद दाबून ठेवले, आणि लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला.

परत आल्यावर

१९०७ च्या शेवटी तो कलकत्त्याला आला. परळ नाही. परळची खुर्ची केव्हाच दुसऱ्याकडे गेलेली आणि त्या लॅबचं नावही १९०६ ला बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालेलं. कलकत्त्यात लस बनवायची सोय नाही, बढती नाही, पगार आधी होता तोच. कॉलऱ्याच्या लसीची सुधारलेली आवृत्ती माणसांवर तपासायची परवानगी त्यानं मागितली, ती मिळाली नाही. म्हणजे कागदावर निर्दोष आणि कामात कोपऱ्यात. असं बसवून ठेवणं म्हणजे काय हे सरकारी नोकरीतल्यांना मी सांगायला नको. १९१४ मध्ये तो निवृत्त होऊन निघून गेला. पुढं महत्त्वाचं असं संशोधन त्याच्या हातनं झालं नाही, धर्माकडे वळला, कर्मठ ज्यू झाला, १९१६ ला धर्मनिष्ठेच्या बाजूनं मोठा लेख लिहिला. ज्या धर्मापायी ओडेसात वर चढायची वाट बंद झाली तो धर्म शेवटी त्यानं आणखी घट्ट धरला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

लस मात्र परळहून जात राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. मूळ कल्पना तीच, जंतू वाढवा, तापवून मारा, टोचा. कॉलऱ्याच्या त्याच्या लसीत जंतू जिवंत असायचे, प्लेगच्या लसीत मारलेले, आणि मेलेले जंतू टोचूनही शरीर तयारी करतं हे इतक्या मोठ्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत तो होता. कोविडच्या वेळी आपण कोव्हॅक्सिन घेतली, तीही मारलेल्या विषाणूची. अवजारं सगळी बदलली पण विचाराची जात तीच.

१९२५ ला परळच्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट नाव दिलं, तेव्हाचा डायरेक्टर मॅकी यानं पुढाकार घेऊन. हाफकिन तेव्हा युरोपात होता. त्यानं कळवलं की आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईच्या कामात गेली, तिथल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. तक्रारीचा सूर नाही. मी असतो तर निदान दोन ओळी तरी खरमरीत लिहिल्या असत्या. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला वारला. लग्न केलेलं नव्हतं, जमवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांना ठेवला.

माझ्या लाइनीतल्या पोरांना मी हे प्रकरण सांगतो तेव्हा हटकून एक प्रश्न येतो की सर, मग रूट कॉजच्या, म्हणजे मूळ कारणाच्या, रकान्यात काय लिहायचं? ऑपरेटरची चूक? प्रोसेस बदल? मी म्हणतो कार्बोलिकचा बदल लिहा, चिमटा लिहा, वीस माणसांची बाटली लिहा आणि पंजाब सरकारचं टार्गेटही लिहा. जेनकिन्स कमिशननं यातली पहिली ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.